मॅनेजरसाहेब ऑन एअर

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गॅलरीतून खडा टाकला तर तो निवृत्त शास्त्रज्ञाला लागतो. रसायनशास्त्राची एनसीएल याच रस्त्यावर, उष्णदेशीय हवामानाची संस्था याच रस्त्यावर, आयसर इथेच, आणि जिथे काय चालतं ते विचारायचं नसतं अशा संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळाही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वार्षिक सभेत टाकीच्या गळतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘प्लंबर कधी येणार’ हा नसतो, ‘गळती मोजली कशी’ हा असतो. अशा या वस्तीत मॅनेजरसाहेब एकटेच बँकेतले.

म्हणजे कागदोपत्री बँकेतले. मनाने शास्त्रज्ञच. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला होता, आणि नेमकी त्याच आठवड्यात राष्ट्रीयीकृत बँकेची ऑर्डर आली. त्या काळी घरात बँकेची ऑर्डर आल्यावर पुढे शिकायचं म्हणणाऱ्या मुलाला आधी पाणी प्यायला देत आणि मग डॉक्टरकडे नेत. साहेब बँकेत गेले. ‘थोडक्यात हुकलं हो’ हे वाक्य ते तेव्हापासून म्हणत आलेत. जिल्ह्याच्या शाखांतून फिरले, कर्जं वाटली, काही वसूलही केली, पण कॉलेजातली प्रॅक्टिकलची जर्नल प्रत्येक बदलीत सोबत होती. तपकिरी कव्हर, लाल दोरी, शेवटच्या पानावर ‘सर्टिफाइड’. वहिनींचे दागिने लॉकरमध्ये असतात. जर्नल घरात असते, कारण लॉकरमध्ये दमट हवा लागते म्हणे.

पॉडकास्टची कल्पना नातीची. रोज संध्याकाळी आजोबांकडून शास्त्रज्ञांच्या गोष्टी ऐकून ती मेटाकुटीला आली होती. “आजोबा, तुम्ही पॉडकास्ट काढा ना,” असं ती एकदा म्हणाली आणि सुटली. अडकलो आम्ही.

साहेबांनी विषय पक्का केला : विज्ञानात आयुष्य घालवलेल्या माणसांच्या गोष्टी, त्यांच्याच तोंडून. विषय चांगला आहे, माझा त्याला कधीच आक्षेप नव्हता. माणसंही जिन्यात भेटत होती. दुसरा कोणी असता तर मोबाइल समोर ठेवून बोलायला बसला असता. साहेबांनी आधी रबरी शिक्का करून घेतला.

शिक्क्यावर नाव हवं, म्हणून नावाची बैठक झाली. ‘विज्ञानवाटा’ आलं, ‘प्रयोगशाळेतून थेट’ आलं. वहिनी चहा ठेवता ठेवता ‘मंतरलेल्या परीक्षानळ्या’ म्हणाल्या, तेही साहेबांनी गंभीरपणे टिपून घेतलं. अखेर जे ठरलं ते ट्रेडमार्कच्या भानगडीत असल्याने मी इथे सांगू नये, अशी मला ताकीद आहे.

मग पाहुण्यांची केवायसी. बचत खातं उघडायचा जुना फॉर्म साहेबांनी समोर ठेवला आणि ‘खातेदार’ खोडून ‘पाहुणा’ लिहिलं. बाकी मजकूर बराचसा तसाच. नाव, पत्ता, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, ओळख करून देणाऱ्याची सही. पॉडकास्ट नुसता आवाजाचा, त्यात फोटो कशाला, हे विचारायची टाप कोणाची नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र फॉर्म उलटसुलट पाहून विचारलं, “यात नॉमिनीचा रकाना कशाला?”

“मुलाखत दोन भागांत आहे,” साहेब म्हणाले. “मधेच काही झालं तर पुढचं कोणी बोलायचं?”

पाहुण्यांची वयं पाहता प्रश्न रास्त होता. रसायनशास्त्रज्ञांनी बायकोचं नाव लिहिलं.

स्टुडिओ म्हणजे मागची खोली, देव्हाऱ्याला लागून. कुठल्याशा व्हिडिओत पाहून साहेबांनी किराणावाल्याकडून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले आणि भिंतींना चिकटवले. वहिनींनी देव्हाऱ्याच्या बाजूची भिंत बघितली आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज जरा जास्त आले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे फिजिक्सवाले आले. त्यांनी टाळी वाजवली, कान टवकारले, पुन्हा टाळी वाजवली. “काढा हे,” ते म्हणाले. “पुठ्ठा आवाज शोषत नाही. आकारामुळे वरच्या पट्टीतला थोडा इकडेतिकडे विखुरतो, इतकंच. जाड आणि मऊ काहीतरी लावा, ज्यात हवा शिरून अडकेल. गोधड्या लावा.” विज्ञान आणि अध्यात्म यांचं इतक्या झटपट एकमत झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ट्रे उतरले. वहिनींच्या सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या चढल्या, आणि खोलीतला घुमारा खरोखरच गेला. गेली नाही ती लिफ्ट. आमची लिफ्ट दार उघडं राहिलं की ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत बसते. प्रत्येक भागात ती आहे. ठाण्याच्या एका श्रोत्याने तर ‘तुमच्या सहनिवेदिका फार थोडं बोलतात’ असं कळवलं.

पहिला भाग साहेबांचा एकट्याचा. कमला सोहोनी हा विषय. गोष्ट खरी आणि जबरदस्त आहे : 1933 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, मुंबईहून आलेली ही मुलगी हटून बसली, अटी घालून घेतलं गेलं, आणि 1939 मध्ये तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. इतकी गोष्ट नीट सांगितली तरी ऐकणारा गप्प होतो. साहेबांनी तिच्या मागे तबला लावला. ‘नाकारलं!’ यावर एक धा, ‘हटली नाही!’ यावर तिहाई.

या भागाने साहेबांचं एक नुकसान केलं. प्रत्येकाच्या आयुष्यात असा नकार असतो, मग जिद्द असते, आणि मधोमध टर्निंग पॉइंट असतो, अशी त्यांची खात्री पटली. प्रश्नांच्या वहीत, रकाने आखून, पहिला प्रश्न कायमचा बसला : “शास्त्रज्ञ व्हायचं, हे आपण कोणत्या क्षणी ठरवलं?”

पहिल्या पाहुण्या जीवरसायनवाल्या बाई. प्रश्न ऐकून त्या मोकळेपणाने म्हणाल्या, “ठरवलं कुठे? मेडिकलला दोन मार्क कमी पडले.”

साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. “पण सोहोनींसारखा एखादा नकार?” त्यावर बाई म्हणाल्या, “मला रामननी नाही अडवलं, हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी अडवलं. प्रोटीन वेगळं करायचं माझं कॉलम रात्री अकराला संपायचं, त्यांचं गेट दहाला बंद व्हायचं. तीन वर्षं मी प्रोटीन अर्धवट सोडून पळत गेलेय.” मला ही गोष्ट सोन्यासारखी वाटली. साहेबांना तिच्यात तबला कुठे लावायचा ते कळेना. तो तुकडा कापला गेला.

पुढचे गृहस्थ इंजिनिअरिंग हुकल्यामुळे, त्यापुढचे ‘थोरला भाऊ बी.एस्सी.ला होता, त्याची पुस्तकं फुकट मिळाली’ म्हणून. आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांचा विज्ञानाशी विवाह ठरवून झालेला, तोही पहिलं स्थळ मोडल्यावर. संसार मात्र पुढे झकास झाला. प्रेमविवाहाच्या शोधात निघालेल्या साहेबांना हे पचेना. ते प्रत्येक सुरुवात कापत गेले, आणि भाग लांबीने आखूड होत गेले. एक तर नमस्कार आणि आभार यांच्यात जेमतेम लिफ्ट मावेल एवढाच उरला.

फिजिक्सवाल्यांच्या भागात साहेबांनी जर्नल काढली. “बघा, बार पेंड्युलम. जी काढला होता. 980 पॉइंट...” आकडा पुस्तकातल्यासारखा, थेट. फिजिक्सवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून पान पाहिलं.

“बरोब्बर आला?”

“बरोब्बर!”

“मग उत्तरावरून रीडिंग काढलं असणार.” ते अगदी सहज म्हणाले, रागावून नव्हे. “आम्ही पण काढायचो. खरा प्रयोग केला की थोडा चुकतो. तो किती आणि का चुकला, त्यात पुढे आमची अख्खी नोकरी गेली.” पन्नास वर्षांपूर्वीच्या सर्टिफाइड पानाकडे साहेब बघत राहिले. हाही भाग अर्थातच प्रसारित झाला नाही.

निवृत्तांच्या गोष्टीत क्षण सापडत नाही म्हटल्यावर साहेब नोकरीत असलेल्यांकडे वळले. ही मंडळी साहेबांना जिन्यात बघूनच वर न चढता खाली जाऊ लागली. सरकारी नोकराला माध्यमांशी बोलायचं तर आचारनियम आडवे येतात. निव्वळ शास्त्रीय किंवा साहित्यिक मजकुराला सूट आहे, हे साहेबांनी नियम वाचून दाखवून सिद्ध केलं. त्यावर एक तरुण शास्त्रज्ञ म्हणाला, “काका, माझी गोष्ट शास्त्रीय आहे की साहित्यिक, हे ठरवायलाच परवानगी लागेल.” मग साहेबांनी जयंत विष्णू नारळीकरांचा दाखला काढला. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने गोष्ट पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. “तुम्हीही उलटं नाव घ्या!” नाव उलटलं तरी आवाज उलटत नाही, हे त्या मुलाने समजावलं; साहेबांनी आवाज उलटवण्याचंही सॉफ्टवेअर शोधलं, पण ते ऐकून नात रडायला लागली.

28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, साहेब खोडदला गेले. नारायणगावजवळची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. तिच्यावर उमेदीची वर्षं घालवलेले आमच्याच बिल्डिंगमधले एक इंजिनिअर सोबत. साहेबांनी नवे कोरे वायरलेस माइक घेतले होते. इंजिनिअरांनी नारायणगावच्या अलीकडेच गाडी थांबवून ते बंद करायला लावले, मोबाइलसकट. “तुमच्या या डबीपुढे आकाशातला सिग्नल म्हणजे काहीच नाही. आम्ही मोटारसायकलच्या स्पार्कप्लगला घाबरणारी माणसं आहोत.” साहेबांनी ती मुलाखत वहीत पेन्सिलीने उतरवून घेतली. पॉडकास्टचा तो भाग झेरॉक्सच्या दुकानात मिळतो.

हवामान खात्यातून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका मला त्या सगळ्या काळात सर्वांत आवडले. त्यांनी आयुष्यभर फुगे सोडले. हायड्रोजन भरलेला फुगा, त्याला टांगलेलं तापमान, आर्द्रता, दाब मोजणारं यंत्र. जगभरात हे फुगे एकाच वेळी वर जातात, ग्रिनिचच्या मध्यरात्री आणि दुपारी बाराला. म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. दिवाळी असो की घरात लग्न असो.

“आणि यात टर्निंग पॉइंट?” साहेबांनी विचारलं.

“तीसेक किलोमीटरवर फुगा फुटतो.”

“नाही, आपल्या आयुष्यातला.”

काकांनी विचार केला. “मग पुढचा भरायला घ्यायचा,” ते म्हणाले.

या सुमाराला साहेब खचले. एक खरोखरचे मोठे शास्त्रज्ञ, ज्यांच्या नावाची पाटी पितळी आहे, मुलाखतीला हो म्हणून सारखे पुढे ढकलत होते. त्या रविवारी ते येणार म्हणून वहिनींनी साटोऱ्या केल्या, साहेबांनी नेहरू शर्ट घातला, आणि ऐन वेळी ‘पुढच्या महिन्यात बघू’ असा निरोप आला. माइक लावलेला. साटोऱ्या ताटात. तेवढ्यात तळमजल्यावरचे तात्या मेंटेनन्सचा चेक द्यायला आले.

तात्या एका प्रयोगशाळेच्या ग्लासब्लोइंग सेक्शनमधून निवृत्त झालेले. साहेबांच्या फॉर्ममध्ये ‘पद’ या रकान्यात शास्त्रज्ञ ब, क, ड, ई अशा चौकटी होत्या. तात्यांसाठी चौकटच नव्हती, म्हणून त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. “बसा जरा,” साहेब म्हणाले, “आवाजाची लेव्हल बघायचीय. काहीही बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. एक दोन तीन म्हणा.”

तात्यांनी एक दोन तीन म्हटलं, साटोरी घेतली आणि खिडकीच्या तावदानाकडे बघत म्हणाले, “ही काच बेकार आहे. ही ज्वाळेत धरली की तडकते. आमची बोरोसिल. तिला आठशेवीसला मऊपणा येतो, पण ते थर्मामीटर लावून नाही कळत. ती लोंबायला लागते. लोंबायच्या आधी फिरवायची. दोन्ही हात सारखे फिरले पाहिजेत. दोन वर्षं आमच्या तिथल्या साहेबांनी मला नुसतं फिरवायला लावलं, फुंकू दिलं नाही.”

तात्यांचे हात बोलता बोलता हवेत फिरायला लागले. अंगठा आणि दोन बोटं, दोन्हीकडे एकाच लयीत, मधे नसलेली नळी. मी त्या हातांकडे बघत होतो. साटोरी बशीत परत गेली होती. ज्वाळेत काच तापली की सोडियममुळे पिवळाधमक उजेड येतो आणि काम दिसत नाही. मग डिडिमियमचा जांभळट चष्मा लावायचा, तो पिवळा तेवढा गाळून टाकतो. काम झालं की तुकडा भट्टीत साडेपाचशेच्या वर ठेवून सावकाश थंड करायचा, नाहीतर संध्याकाळी धड दिसणारं भांडं रात्री कपाटात आपोआप फुटतं. व्हॅक्युमच्या जोडणीत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर डोळ्याला दिसत नाही. टेस्ला कॉइल हळूहळू फिरवत न्यायची. भोक आलं की ठिणगी बरोबर तिथे धावते.

“शास्त्रज्ञ यायचे चहाच्या कुपनामागे चित्र काढून. ‘तात्या, या नळीला इथून एक शेपूट, आणि आत अजून एक नळी.’ मी म्हणायचो, हे होणार नाही. पुस्तकात आहे, ते म्हणायचे. पुस्तकात असेल, काचेत नाही. मग दोघं बसून असं काहीतरी काढायचो, जे काचेत होईल. ते पेपर छापायचे. त्यात चित्र असायचं. ते आमचं.”

साहेब अजून लेव्हलच बघत होते. सुई हलत होती, ते सुईकडे बघत होते. एवढ्यात तात्या म्हणाले, “आणि फुटलं की ब्रेकेज रजिस्टरला एंट्री.”

साहेबांनी मान वर केली. “रजिस्टर?”

“होय. तारीख, नाव, वस्तू, किंमत, कारण, सही.”

“किंमत मूळ, की घसारा वजा जाता?”

इथून पुढची वीस मिनिटं मी माझ्या आयुष्यात ऐकलेली सर्वांत उत्कट शास्त्रीय चर्चा आहे. कॉशन मनीतून वजावट कशी व्हायची, बी-चोवीसचा जॉइंट साबूत राहिला आणि फक्त फ्लास्क गेला तर एंट्री पूर्ण की अर्धी, ऑडिटवाल्यांनी फुटक्या काचेचं वजन कसं करायला लावलं, दोघं एकमेकांच्या वाक्यात घुसत होते. प्रश्नांची वही मिटलेलीच होती. कारणाच्या रकान्यात सगळे ‘हातातून सटकले’ लिहायचे, तात्या म्हणाले. फक्त एका हुशार पोराने, त्याच दिवशी दुसरं कंडेन्सर फोडल्यावर, वैतागून ‘गुरुत्वाकर्षण’ असं लिहून खाली लफ्फेदार सही केली होती. साहेब खुर्चीवरून उठून हसले. मागे लिफ्ट म्हणाली, कृपया दरवाजा बंद करें.

नंतर साहेब भानावर आले. ही मुलाखत नव्हेच, चाचणी होती. फॉर्म नाही, फोटो नाहीत, तबला नाही. ‘माइक टेस्ट’ नावाची ती फाइल ते पुसायला निघाले होते. वहिनींनी दुपारी, ते झोपले असताना, ती जशीच्या तशी चढवून दिली. वहिनी एरवी संगणकाला हात लावत नाहीत. पासवर्ड मात्र त्यांना ठाऊक होता, कारण तो त्यांच्याच लग्नाची तारीख आहे आणि साहेबांना ती दर वेळी विचारावी लागते.

‘माइक टेस्ट’ लोकांनी एकमेकांना पाठवली. मग रांग लागली. प्राण्यांच्या घरात उंदरांची पैदास सांभाळलेले एक जण आले, द्रव नायट्रोजनच्या टाक्या वाहिलेले आले, पंचवीस वर्षं परदेशी यंत्रांची कस्टममधून सोडवणूक केलेल्या एक खरेदी अधिकारी बाई आल्या. त्यांच्यासाठी साहेबांनी तीन भाग राखून ठेवलेत, कारण त्यांनी निविदांच्या फायली सोबत आणल्यात. जीवरसायनवाल्या बाईंनाही परत बोलावलंय. फॉर्ममध्ये ‘इतर’ अशी चौकट आली. आता सगळे तिच्यातच टिक करतात. तबला बंद आहे. पहिला प्रश्न अजून तोच आहे, पण साहेब उत्तराची वाट न बघता ‘आणि रजिस्टर कोणतं असायचं?’ असं विचारतात.

गेल्या मंगळवारी मी तिथे असताना पितळी पाटीवाल्यांचा फोन आला. आवाज स्पीकरवर होता.

“अहो मॅनेजर, तो काचवाल्याचा भाग ऐकला. ते गुरुत्वाकर्षण लिहिणारा मीच. मला यायचंय बोलायला. ती गोष्ट पुढे बरीच आहे.”

साहेबांनी डायरी ओढली. चष्मा लावला. काउंटरपलीकडून पस्तीस वर्षं वापरलेला आवाज लावला.

“तुम्हीच कशावरून?”

पलीकडे शांतता. “म्हणजे? सही आहे ना तिथे माझी!”

“तात्यांनी रजिस्टरची झेरॉक्स आणलीय. सही जुळवावी लागेल,” साहेब म्हणाले. “उद्या अकरानंतर या. नमुना सही तीन वेळा, दोन फोटो, आणि ओळख द्यायला कोणीतरी घेऊन या. तात्या चालतील.”